कुस्तो जगभर गाजले, पण स्कूबाचा दुसरा बाप कॅनडाच्या थंडीत जाऊन गपचूप काम करत राहिला

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला गेलात की एक कार्यक्रम ठरलेला असतो. होडीत बसायचं, पाठीवर सिलिंडर चढवायचं, तोंडात रबरी तुकडा धरायचा आणि पाण्यात उतरायचं. सोबतचा माणूस एकच गोष्ट दहा वेळा सांगतो, की घाबरू नका, तोंडानं श्वास घेत राहा.

पहिला श्वास घेताना पोटात गोळा येतो. पण हवा येते. पाहिजे तेव्हाच येते आणि पाहिजे तेवढीच येते.

ही हवा मोजून देणाऱ्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. तो कोणी शोधला असं विचारलं तर बहुतेक जण झाक कुस्तो यांचं नाव घेतील. डोक्यावर लाल टोपी घालणारे, कॅलिप्सो जहाजावरून समुद्राचे सिनेमे काढणारे फ्रेंच कॅप्टन. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे.

उरलेल्या अर्ध्या उत्तराचं नाव आहे एमिल गान्याँ.

गान्याँ यांचा जन्म १९०० साली फ्रान्सच्या बर्गंडी भागात झाला. द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग समुद्रापासून चांगलाच लांब. तंत्रशिक्षण घेऊन ते ‘एअर लिक्विड’ या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले. ऑक्सिजनसारखे वायू दाबून सिलिंडरमध्ये भरायचे आणि विकायचे, हा कंपनीचा धंदा. गान्याँ यांचं काम होतं, प्रचंड दाबाखालचा वायू झडपांमधून हळूहळू आणि बेतानं बाहेर काढायचा.

१९४० मध्ये जर्मनीनं पॅरिस घेतलं. पेट्रोल जर्मन सैन्यासाठी राखलं जाऊ लागलं आणि फ्रान्समधल्या लोकांनी गाड्या लाकूड-कोळशापासून बनवलेल्या गॅसवर चालवायला सुरुवात केली. इंजिनाला जेवढा गॅस लागेल तेवढाच पोचवणारी छोटी झडप हवी होती. गान्याँ यांनी ती बनवली.

ही कल्पना कोऱ्या कागदावरून आलेली नव्हती. खाणीतले इंजिनिअर बेनुआ रुकेरोल आणि नौदलातले अधिकारी ओग्युस्त दनेरुझ यांनी १८६० च्या दशकातच मागणीनुसार हवा देणारं उपकरण तयार केलं होतं. ज्यूल व्हर्नच्या समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीतही त्याचा उल्लेख येतो. पण त्या काळात हवा जास्त दाबानं साठवणारे मजबूत सिलिंडर नव्हते, म्हणून ते मागं पडलं. गान्याँ यांनी तीच कल्पना लहान आकारात, नव्या गरजेसाठी परत उभी केली.

आता कुस्तो. नौदलातला हा तरुण अधिकारी समुद्राच्या नादानं झपाटलेला होता. पाण्याखाली जास्त वेळ राहायचं तर हवा सोबत न्यायला पाहिजे. शुद्ध ऑक्सिजन वापरून बघितला, तर खोलवर गेल्यावर झटके आले. हातानं झडप उघडायची उपकरणं होती, पण त्यात हवा भराभर संपायची. त्यांचे सासरे आंरी मेल्कियोर हे एअर लिक्विडच्या संचालकांपैकी एक होते. त्यांच्या ओळखीनं डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसला गान्याँ यांना भेटले.

अडचण ऐकल्यावर गान्याँ यांनी गाडीची तीच झडप समोर ठेवली.

यातली गंमत समजून घ्यायला थोडं विज्ञान बघू. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब साधारण एका वातावरणानं वाढतो. म्हणजे १० मीटरवर छातीवर जमिनीच्या दुप्पट दाब असतो. आत घ्यायच्या हवेचा दाबही तेवढाच पाहिजे. कमी असेल तर छाती फुगत नाही, जास्त असेल तर फुफ्फुसाला इजा होते. सिलिंडरमधल्या हवेचा दाब मात्र याच्या कितीतरी पट असतो.

गान्याँ यांच्या यंत्रात एक लवचीक पडदा होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत ओढला जातो, तरफ दाबली जाते आणि झडप उघडते. श्वास थांबला की झडप बंद. खोल गेलात की बाहेरचं पाणीच पडद्यावर जास्त जोर देतं, त्यामुळे हवाही आपोआप तेवढ्या दाबानं मिळते. हातानं काहीच फिरवायचं नाही.

जानेवारी १९४३ मध्ये, ऐन हिवाळ्यात, पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली. कुस्तो पाण्यात उतरले. आडवं पोहताना सगळं छान चाललं. पण उभे राहिले की हवा नुसती वाहून जायची आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढता दम निघायचा.

चाचणी फसली. पण का फसली हे दोघांनी शोधून काढलं. हवा देणारा पडदा पाठीवर होता आणि सोडलेला श्वास बाहेर पडायचं तोंड वेगळ्या उंचीवर. या थोड्या अंतरामुळेसुद्धा दाबात फरक पडत होता. उपाय सोपा निघाला. उच्छ्वासासाठी दुसरी नळी जोडून ती पाठीमागं, पडद्याच्या जवळच नेली. आता माणूस उभा, आडवा, उलटा कसाही असला तरी दोन्ही ठिकाणं एकाच पातळीवर राहणार होती.

जुन्या सिनेमांतल्या पाणबुड्यांच्या मानेभोवती दोन जाड नळ्या दिसतात ना? त्या इथून आल्या.

पेटंटसाठी अर्ज झाला. १९४३ च्या उन्हाळ्यात कुस्तो, फिलिप ताय्ये आणि फ्रेदेरिक द्युमा यांनी भूमध्य समुद्रात शेकडो वेळा बुड्या मारून यंत्र पारखलं. युद्धानंतर ते बाजारात आलं. मॉडेलचं नाव ‘सीजी ४५’. त्यातला सी कुस्तोंचा आणि जी गान्याँ यांचा. जगानं पुढं सी लक्षात ठेवला आणि जी विसरून गेलं.

इथून दोघांचे रस्ते वेगळे झाले. कुस्तो समुद्राकडे गेले. त्यांच्या माहितीपटाला १९५६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ऑस्करही मिळालं. आणि गान्याँ? ते १९४७ मध्ये कुटुंबाला घेऊन कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेले.

वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचा हिशोब मांडायला लागतात. गान्याँ यांनी देश बदलला, तोही जास्त थंड देश निवडून. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारे लोक बहुसंख्य, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. हिवाळा मात्र वेगळाच. जानेवारीचं सरासरी तापमान उणे १० च्या आसपास. त्या काळी तिथलं बंदर हिवाळ्यात बर्फामुळे बंद ठेवावं लागायचं. कॅनडात शिकायला गेलेल्या एखाद्या मराठी पोराला पहिला जानेवारी कसा गेला ते विचारा, अंदाज येईल.

कंपनी ओळखीची होती, कारण एअर लिक्विडचीच कॅनडातली शाखा होती. तिथं त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि जुनंच काम नव्यानं सुरू केलं. झडपा कमी भागांत कशा बसतील, श्वास आणखी हलका कसा होईल, यावर एकामागून एक नमुने बनवले, पेटंटं घेतली. पुढच्या रेग्युलेटरमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच सुधारणांची मुळं या मॉन्ट्रियलच्या टेबलावर सापडतात.

थंडीचा आणि रेग्युलेटरचा संबंधही समजून घेण्यासारखा आहे. दाबलेली हवा एकदम मोकळी झाली की थंड होते. डिओडरंटचा डबा बराच वेळ फवारला की गार पडतो, तसंच. मालवणच्या कोमट पाण्यात याचा त्रास होत नाही. पण पाणीच गोठायच्या बेतात असेल तर झडपेपाशी बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. म्हणून १० अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी घेतली जाते.

आणि इथं मार्न नदीतली ती दुरुस्ती वेगळ्याच कामाला आली. दोन नळ्यांच्या रचनेत तोंडातली दमट वाफ झडपेतून जात नाही, दुसऱ्या नळीनं थेट बाहेर पडते. त्यामुळे झडप गोठायची शक्यता कमी होते. एका नळीचे रेग्युलेटर सगळीकडे रूढ झाल्यावरही बर्फाखाली उतरणारे काही जण बरीच वर्षं दोन नळ्यांनाच धरून राहिले, त्याचं एक कारण हे.

गान्याँ फ्रान्सला परत जाऊन स्थायिक झाले नाहीत. उरलेलं आयुष्य त्यांनी कॅनडातच काढलं. त्यांच्या जाण्यालाही आता काही दशकं झाली.

कुस्तोंचं श्रेय यामुळे कमी होत नाही. गरज त्यांनी ओळखली, जीव धोक्यात घालून चाचण्या त्यांनीच केल्या आणि समुद्राखालचं जग घराघरांत त्यांनी पोचवलं. पण पॅरिसच्या त्या खोलीत गाडीची झडप समोर ठेवणारा माणूस नसता, तर हा नाद किनाऱ्यावरच अडला असता.

पुढच्या वेळी तारकर्लीला पाण्याखाली पहिला श्वास घ्याल आणि हवा बरोबर येईल, तेव्हा कुस्तोंची आठवण काढाच. सोबत त्या दुसऱ्या माणसाचीही काढा, जो गाव आणि देश मागं सोडून बर्फाच्या शहरात गेला आणि तिथंही तुमच्या-आमच्या श्वासाचंच काम करत बसला.