हमीद दलवाई: चिकित्सा वेगळी, हेटाळणी वेगळी

चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मागणी होती, तोंडी तलाक बंद करा! १९७० साली फुल्यांच्या वाटेने पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्वसमाजाचा कडवा विरोध सोसला. ३ मे १९७७ रोजी ४४व्या वर्षी ते गेले.

त्यांची टीका तलाकपीडित बाईच्या न्यायासाठी होती. द्वेषाने, जाणूनबुजून केलेला श्रद्धेचा अपमान कायद्याने गुन्हा आहे, चिकित्सा नव्हे. म्हणून जालन्याच्या बांधवांना आम्ही सांगतो, दलवाईंचे नाव घेऊन मुस्लिमांना डिवचू नका आणि श्रद्धेचे नाव सांगून नव्या दलवाईंचे तोंड दाबू नका. संविधानाने दोघांनाही हक्क दिले आहेत.