लाल माती आणि सरकारी नोकरी



परीक्षा जवळ आल्या की धर्मगुरूंच्या निवासस्थानी पालकांची ये-जा वाढते. कुणाला मिस्सा अर्पण करायचा असतो, कुणाला मुलाची समजूत घालून हवी असते. गेल्या महिन्यात एक वडील आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा दहावीत, फुटबॉल उत्तम खेळतो. वडिलांचे म्हणणे होते, फादर, याला सांगा की खेळाने पोट भरत नाही. मुलगा मान खाली घालून बसला होता. माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. दर्शनशास्त्र शिकताना साधन आणि साध्य यांतील फरक पाठ केला होता, पण समोर पंधरा वर्षांचा मुलगा बसलेला असताना ते पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. त्या दोघांना मी एका पैलवानाची गोष्ट सांगितली. तीच आज इथे जरा सविस्तर लिहितो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. त्या काळी पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी तालीम असे. पहाटे उठून जोर-बैठका, लाल माती, वस्तादाचा धाक आणि जमेल तसा खुराक. शेतकऱ्याच्या घरात दूध-तूप एका मुलाच्या वाट्याला जास्त द्यायचे म्हणजे बाकीच्यांनी थोडे कमी घ्यायचे. मुलाच्या खेळाची किंमत घरातील सगळेच मोजतात, ही गोष्ट खेळाच्या बातम्यांत सहसा येत नाही.

दादासाहेबांनी मुलाला तालमीत घातले, पण शाळेतून काढले नाही, आणि मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. १९४२ च्या चलेजाव चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांपासून कुस्तीची पंढरी. तिथे त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. पैलवान म्हणजे अडाणी असा एक समज आपल्याकडे अजूनही आहे. हा पैलवान कॉलेजात जाणारा होता.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला गेल्यावर कळले की तिथली कुस्ती मातीत नाही, गादीवर होते, आणि नियमही वेगळे. जन्मभर मातीत खेळलेल्या माणसाचे पाय गादीवर ठरत नाहीत. तरीही सर्वांत हलक्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. खेळ कळणाऱ्यांनी कौतुक केले. पण घरी परत आल्यावर सहाव्या क्रमांकाला कोण विचारतो? पुढची चार वर्षे हा तरुण सरावाला जुंपला. या वेळी तो ५७ किलोच्या गटात, म्हणजे बँटमवेटमध्ये उतरला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची निवड मात्र सरळ झाली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक गुण कमी देऊन आपल्याला जाणूनबुजून डावलले, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. क्रीडाप्रेमी असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. महाराजांनी चाचणी कुस्ती घडवून आणली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवून आपली जागा परत मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे कुठून आणायचे? सरकारी मदत वेळेवर हाती आली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी हातभार लावला, खाशाबा स्वतः दारोदार फिरले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! त्या काळी साध्या नोकरदाराची कित्येक वर्षांची कमाई. मुलगा हरून आला असता तर? दुखापत होऊन आला असता तर? कॉलेजच्या प्राचार्याला पुस्तकी हिशेब कळत नव्हता असे नाही. आपण पोटच्या मुलासाठीही घर गहाण टाकताना दहादा विचार करू. हा तर विद्यार्थी होता.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले, जर्मनीच्या मल्लालाही हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी समोर आला. ही कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. त्याच इशीने नंतर सुवर्णपदक जिंकले. या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, थांबावे लागले.

ते परतले तेव्हा कराड स्टेशनवर १५१ बैलगाड्या उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. पंधरा मिनिटांच्या वाटेला मिरवणुकीला सात तास लागले असे सांगतात. पण गुलाल धुऊन झाल्यावर खाशाबांनी काय केले, ते मुलांनी नीट ऐकावे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांच्या घरावरचे कर्ज फेडले. ऑलिंपिकवीर होऊन देश पाहून आल्यावर पुन्हा त्याच मातीत उतरले, उसने फेडण्यासाठी.

इथे मला संत पौलाची आठवण होते. करिंथकरांना लिहिताना तो धावपटूंची आणि मुष्टियोद्ध्यांची उदाहरणे देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती लगेच कळत असावीत. विजेत्याला मिळे पानांचा मुकुट, जो काही दिवसांत वाळून जाई. आणि याच करिंथ शहरात पौल अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करीत होता. धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या या यहुदी मुलाला हाताने करायचे एक काम येत होते. सुवार्ता आणि तंबू, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. संत थॉमस अक्वायनस यांनीही खेळाला मनाची विश्रांती मानून सद्गुणांच्या चर्चेत जागा दिली आहे. आमच्या सेमिनरीत संध्याकाळच्या व्हॉलीबॉलला आम्ही हाच आधार देत असू. रेक्टर फादरांना तो फारसा पटत नसे.

पुन्हा खाशाबांकडे येऊ. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. तेव्हा ते २९ वर्षांचे होते. खात्यातही त्यांनी कुस्त्या मारल्या, इतरांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जायची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने तो मार्ग बंद केला. पैलवानाचा गुडघा गेला की तालमीत त्याचे काय उरते, हे वेगळे सांगायला नको. शाळा-कॉलेज केलेले नसते तर फौजदारीची वर्दी अंगावर आली असती का, असा प्रश्न मी त्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला विचारला. आणि तालीम केली नसती तर गोळेश्वरचे नाव आज कुणाला ठाऊक असते का, हा प्रश्न त्याच्या वडिलांना. दोघेही थोडा वेळ बोलले नाहीत.

पण नोकरी मिळाली आणि सगळे गोड झाले, असे सांगितले तर मी खोटे बोलेन. खाशाबांनी सत्तावीस वर्षे पोलीस खात्यात काढली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. त्यानंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक आणून देणारा माणूस म्हातारपणी कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. म्हणजे खेळाने दगा दिला तर नोकरी सांभाळेल, हा हिशेबही दर वेळी जुळतोच असे नाही. आईवडिलांनो, आपण मुलांना जी सुरक्षितता दाखवतो तिच्यातही भेगा असतात. ही गोष्ट आपण मुलांपासून लपवतो, आणि मोठे झाल्यावर ती त्यांना एकट्यालाच सापडते.

मला स्वतःला या कथेत खाशाबांपेक्षाही दोन माणसे जास्त विचार करायला लावतात. मुलाला पहाटे तालमीत आणि दिवसा शाळेत पाठवणारे दादासाहेब, आणि घर गहाण ठेवणारे खर्डेकर. दोघांपैकी कुणालाही पुढचे दिसत नव्हते. १९५२ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात कुणीच सांगू शकले नसते की हे पैसे बुडणार की परत येणार.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

तो मुलगा आणि त्याचे वडील अजून काही ठरवलेले नाहीत, परवा पुन्हा येऊन गेले. आठवड्यातले तीन दिवस मैदान आणि तीन दिवस क्लास, एवढ्यावर सध्या तह झाला आहे. रविवारी आईने त्याला मिस्सानंतर थेट मैदानावर पाठवले, असे ऐकतो.