सुखाचा ठाव घेणारा शास्त्रज्ञ : जेम्स ओल्ड्स

जेम्स ओल्ड्स यांचा जन्म ३० मे १९२२ रोजी शिकागो येथे झाला. वडील लेलँड ओल्ड्स पुढे अमेरिकेच्या संघीय ऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. वीज स्वस्तात सामान्यांच्या घरी पोहोचावी म्हणून झटणाऱ्या या गृहस्थाची फेरनियुक्ती १९४९ मध्ये सिनेटने फेटाळली. लिंडन जॉन्सन यांनी त्यांच्या जुन्या लेखांचा आधार घेऊन त्यांच्यावर साम्यवादाचा ठपका ठेवला होता. त्याच सुमारास मुलगा हार्वर्डमध्ये मनुष्याच्या प्रेरणांचा अभ्यास करीत होता.

ॲमहर्स्ट कॉलेजातील पदवी, मध्ये महायुद्धातील लष्करी सेवा आणि १९५२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट, असा हा शिक्षणक्रम. ओल्ड्स यांची घडण मुळात सामाजिक मानसशास्त्राची. शस्त्रक्रिया किंवा विद्युत् उपकरणे यांचा त्यांना अनुभव नव्हता. मात्र डोनाल्ड हेब यांच्या १९४९ च्या ग्रंथाने त्यांना झपाटले आणि १९५३ मध्ये ते हेब यांच्याकडे, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, दाखल झाले. तेथे पीटर मिलनर या मूळच्या अभियंत्याने त्यांना उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसविण्याचे तंत्र शिकविले.

नवशिक्या हाताने बसविलेला एक इलेक्ट्रोड नियोजित जागी न जाता भलतीकडे गेला, आणि विज्ञानाचे भाग्य उजळले. हा उंदीर पेटीच्या ज्या कोपऱ्यात असताना त्याला सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह दिला जाई, त्याच कोपऱ्याकडे तो पुनःपुन्हा परतू लागला. दुसऱ्या कोपऱ्यात प्रवाह दिला की तो तिकडे वळे. ओल्ड्स आणि मिलनर यांनी मग पिंजऱ्यात एक दांडी बसविली. ती दाबली की उंदीर स्वतःच्याच मेंदूला प्रवाह देऊ शके. काही उंदीर तासाला शेकडो वेळा, पुढील प्रयोगांत तर हजारो वेळा, ती दाबू लागले. १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भूक, तहान, वेदना टाळण्यासाठीच प्राणी धडपडतो, ही तोवरची प्रबळ धारणा. तिला या दांडीने सुरुंग लावला.

यानंतर ओल्ड्स लॉस एंजेलिसला गेले. तेथील त्यांच्या कामाचा एक भाग कमी चर्चिला जातो, आणि तोच आज अधिक मोलाचा वाटतो. १९५६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे सुचविले, की उंदीर दांडी किती वेळा दाबतो यावरून मन शांत करणाऱ्या औषधांची परीक्षा करता येईल. क्लोरप्रोमाझिन आणि रेसर्पिन ही तपासलेली औषधे. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतील द्रव्य. याच वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला होता. ओल्ड्स यांना दिसले ते असे, की एकच औषध मेंदूतील सर्व जागी सारखा परिणाम करीत नाही. सुखाचे एकच एक केंद्र असते, या सुटसुटीत कल्पनेला तेथेच तडा गेला होता. वृत्तपत्रांनी मात्र ती कल्पना डोक्यावर घेतली.

भय आणि ओढ यांची झुंजही त्यांनी लावून पाहिली. दांडीपर्यंत पोहोचण्यासाठी उंदरांना विजेचा धक्का देणारी जाळी ओलांडावी लागे. अन्नासाठी भुकेला उंदीर सोसेल त्याहून अधिक धक्का हे उंदीर त्या प्रवाहासाठी सोसत. येथे भय बाहेरून, पायाखालून येत होते. जे सुख देते तेच भयही निर्माण करीत असेल तर काय, हा प्रश्न त्या मांडणीत बसणारा नव्हता.

१९५७ मध्ये मिशिगन आणि १९६९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, असा पुढचा प्रवास झाला. या काळात सुखाचा विषय मागे ठेवून त्यांनी शिकताना एकेका मज्जापेशीत होणारे बदल टिपण्याचे किचकट काम अंगावर घेतले. पत्नी मारियान ओल्ड्स याही मेंदूसंशोधक होत्या. ऑगस्ट १९७६ मध्ये समुद्रात पोहताना ओल्ड्स यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५४.

पुढे ती दांडी उत्तेजक द्रव्यांच्या अभ्यासाचे मुख्य साधन बनली. प्रवाहाऐवजी कोकेन किंवा ॲम्फेटामिन थेट शिरेत जाऊ लागले. मग राहिलेला प्रश्न पुढे आला. १९९१ मध्ये सांता बार्बरा येथील आरॉन एटनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना सरळ बोळातून धावत जाऊन कोकेन मिळविता येई. ते धावत निघत, टोकाजवळ थबकत, माघारी फिरत आणि पुन्हा पुढे सरकत. डायझेपाम हे चिंताशामक दिल्यावर ही माघार कमी झाली. म्हणजे कोकेनची ओढ आणि त्यातून उपजणारी चिंता एकाच वेळी त्या प्राण्याला खेचत होत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वभावतःच चिंताग्रस्त असलेल्या उंदरांचा कोकेनवरील ताबा इतरांपेक्षा लवकर सुटला. हेरॉइनच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही.