रुडॉल्फ डिझेल : उष्णता कोंडायला निघालेला माणूस

वडवणीच्या पंपावर ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना आपण एका माणसाचं नाव घेतो. रुडॉल्फ डिझेल!

त्याचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसला झाला. आई-वडील जर्मन. म्युनिकला शिकताना त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जवळपास ९० टक्के उष्णता वायाच घालवतं. ही उष्णता आतच ठेवायची, असं त्याने ठरवलं. म्हणून १८९३ च्या पहिल्या इंजिनाला पाण्याचं कूलिंगच नव्हतं. चाचणीत स्फोट झाला आणि तो थोडक्यात वाचला. पुढे कूलिंग द्यावंच लागलं. १८९७ मध्ये इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता गाठली. नाव झालं, पण कर्जही वाढलं. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. नंतर समुद्रात त्याचा मृतदेह सापडला.

आजही इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे जाते. एक्झॉस्ट पाइपला सिरॅमिक कोटिंग दिलं किंवा फायबरग्लासची पट्टी, म्हणजे रॅप गुंडाळला, तर ती उष्णता पाइपातच राहते. बोनेटखालचं वायरिंग आणि रबरी पाइप वाचतात.

पण एक्झॉस्ट पाइप स्वतः जास्त तापतो. रॅपमध्ये ओल राहिली तर तो गंजतो. ऑइल मुरलं तर रॅप पेटूही शकतो. म्हणून आधी गळती तपासा, मगच रॅप लावा. उष्णता संपत नाही, फक्त जागा बदलते. डिझेललाही हेच शिकावं लागलं होतं.