वाऱ्याला शिस्त लावणारा शिक्षक

वारा फुकट मिळतो. पण तो कुणाच्या वेळापत्रकाने वाहत नाही. पवनचक्कीला जोडलेला डायनामो सोसाट्याच्या वाऱ्यात वेगाने फिरतो, विद्युतदाब चढतो आणि दिवे जळून जातात. वारा मंदावताच तेच दिवे मिणमिणू लागतात. या चढउतारावर व्यवहार्य उपाय शोधणाऱ्या आद्य संशोधकांत डेन्मार्कच्या पॉल ला कूर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी एबेलटॉफ्टजवळ झाला. हवामानशास्त्राचे अध्ययन करून ते डॅनिश हवामान संस्थेत उपसंचालक झाले. तारायंत्राच्या क्षेत्रातही त्यांनी संशोधन केले. राजधानीत उज्ज्वल भवितव्य असताना १८७८ मध्ये त्यांनी जटलंडमधील आस्कोव येथील लोकविद्यालयात शिक्षकी पत्करली. वीज शहरांपुरतीच राहिली, तर खेड्यातील तरुण खेड्यात थांबणार नाहीत, ही चिंता त्यांना लागली होती.

१८९१ मध्ये सरकारी साहाय्याने त्यांनी आस्कोवला प्रायोगिक पवनचक्की उभारली. चक्की आणि डायनामो यांच्यामध्ये त्यांनी 'क्रॅटोस्टॅट' हे वजने, चाके व पट्ट्यांचे साधे नियामक यंत्र बसवले. टांगलेल्या वजनामुळे पट्ट्याचा ताण ठरावीक राही. वाऱ्याचा जोर वाढला की पट्टा घसरे आणि जादा जोर डायनामोपर्यंत पोहोचत नसे.

प्रश्न उरला वारा पडल्यावरचा. बॅटऱ्या महाग होत्या. म्हणून विजेने पाण्याचे विघटन करून त्यांनी हायड्रोजन साठवला आणि १८९५ पासून त्यावर विद्यालयातील दिवे उजळले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळल्याने स्फोट होऊन काचा फुटल्या. तरीही प्रयोग थांबले नाहीत. वातबोगद्यातील चाचण्यांवरून, वेगाने फिरणारी मोजकीच पाती अधिक कार्यक्षम ठरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे बॅटऱ्यांच्या जोडीने पवनचक्की आस्कोव गावाला वीज पुरवू लागली.

१९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डॅनिश पवनवीज संस्था स्थापन झाली आणि ग्रामीण युवकांना वीजतंत्राचे शिक्षण मिळू लागले. २४ एप्रिल १९०८ रोजी ला कूर यांचे निधन झाले. त्यांच्या वर्गात १९०४ मध्ये शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारून ती थेट प्रत्यावर्ती विजेच्या जाळ्याला जोडली. गुरूने वाऱ्याला गावापुरती शिस्त लावली होती. शिष्याने त्याला देशाच्या वीजजाळ्यात आणून बसवले.