ऊन मोजणाऱ्या अन्ना मणी

दाराच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात येतो, तेव्हा त्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. पृथ्वीभोवतीच्या हवेतही असेच सूक्ष्म कण पसरलेले असतात व ते उन्हाचा काही अंश अडवतात. म्हणून जमिनीवर पोचणारे ऊन मोजले, की हवा किती गढूळ आहे हे कळते. भारतात हे काम शिस्तीने उभे करणाऱ्या विदुषी म्हणजे अन्ना मणी.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी घरच्या रीतीप्रमाणे त्यांना हिऱ्यांची कर्णभूषणे देऊ केली गेली; त्यांनी ती नाकारून ज्ञानकोश मागून घेतला. पुढे बंगळूरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांचाच अभ्यास केला, पण तो त्यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा! पाच शोधनिबंध झाले, प्रबंधही लिहून झाला, परंतु एम. एस्सी. ची पदवी नाही, एवढ्याच कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. अन्ना मणी खचल्या नाहीत. १९४५ साली त्या लंडनला गेल्या. त्यांना शिकायचे होते पदार्थविज्ञान. शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. तोच विषय त्यांनी आपला मानला.

१९४८ साली स्वदेशी परतून त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. अन्ना मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवले व ती येथेच घडवण्याची व्यवस्था केली. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा ते न केलेले बरे, असा त्यांचा दंडक होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रे उभारली आणि त्यांच्या नोंदींवरून हवेच्या गढूळपणाचा अभ्यास केला. पुढे फुग्याला बांधून उंच सोडण्याचे ओझोनमापक यंत्रही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले.

ढगांच्याही वर स्थितांबर नावाचा हवेचा थर आहे. तेथे पाऊस नसल्यामुळे ज्वालामुखीने उधळलेले सूक्ष्म कण वर्ष-दोन वर्षे टिकून राहतात. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो पर्वताचा स्फोट झाला, तेव्हा ते कण पृथ्वीभर पसरले व काही काळ पृथ्वी किंचित थंड झाली. असे कण आता कृत्रिम उपग्रह मोजतात. उगवत्या व मावळत्या सूर्याचे किरण हवेतून येताना किती मंदावले, हे ते टिपतात. यंत्र अवकाशात गेले, तरी तत्त्व तेच राहिले.

१९७६ साली अन्ना मणी उपमहासंचालक या पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्यांनी भारतातील सौरशक्तीच्या नोंदींचे मोठे ग्रंथ सिद्ध केले. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. नावामागे डॉक्टर ही पदवी नव्हती. पण त्यांनी घालून दिलेल्या अचूकपणाच्या पायावर या देशाचे हवामानशास्त्र उभे राहिले.