खुल्या दारांची संशोधनशाळा : नील्स बोर

अणूच्या रचनेचा उलगडा करणारे शास्त्रज्ञ म्हणून नील्स बोर यांची ओळख शालेय पाठ्यपुस्तकातच होते. अणुगर्भाभोवती ठरावीक कक्षांत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची कल्पना त्यांनी १९१३ मध्ये मांडली आणि अणुरचनेवरील कार्याबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मात्र अपुरे, कच्चे विचारही सहकाऱ्यांपुढे निःसंकोच मांडून सामूहिक चिंतनातून संशोधन पुढे नेण्याची जी परंपरा त्यांनी रुजवली, तिची माहिती पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

७ ऑक्टोबर १८८५ रोजी कोपनहेगन येथे जन्मलेल्या बोर यांना विद्येचा वारसा घरातूनच लाभला. वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, तर धाकटे बंधू हाराल्ड नामवंत गणिती. १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते इंग्लंडला गेले. मँचेस्टर येथे अर्नेस्ट रुदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे तरुण एकत्र काम करीत. तो अनुभव मनात ठेवून मायदेशी परतलेल्या बोर यांनी १९२१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीची संस्था उभी केली.

पहिल्या महायुद्धाच्या कटुतेमुळे जर्मन शास्त्रज्ञांना त्या काळी अनेक आंतरराष्ट्रीय परिषदांचे दरवाजे बंद होते. बोर यांच्या संस्थेत मात्र असा भेद नव्हता. हायझेनबर्ग, पाउली, डिरॅक, लान्दाउ असे विविध देशांचे तरुण तेथे राहून गेले. हंगेरीचे हेवेशी आणि हॉलंडचे कोस्टर यांनी तेथेच नवे मूलद्रव्य शोधले आणि कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून १९२३ मध्ये त्याला हाफ्नियम हे नाव दिले. बोर स्वतः बोलता बोलता विचार करीत. शोधनिबंध ते सहकाऱ्याला सांगून लिहवून घेत आणि पुनःपुन्हा बदलत. १९२३ ते १९२८ या काळात तेथे राहिलेले योशियो निशिना यांनी ही पद्धत जपानमध्ये नेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनीही तरुणपणी काही काळ बोर यांच्याकडे काम केले होते.

ज्ञान खुले असावे, पण श्रेय ज्याचे त्यालाच मिळावे, याविषयी बोर दक्ष होते. जानेवारी १९३९ मध्ये त्यांच्याच संस्थेतील ओटो फ्रिश यांनी, आपण आणि लीझ माइटनर यांनी लावलेला युरेनियमच्या अणुविखंडनाचा अर्थ त्यांना सांगितला. निबंध प्रसिद्ध होईपर्यंत वाच्यता न करण्याचे वचन देऊन बोर अमेरिकेस निघाले. बोटीवर त्यांनी सहकारी रोझेनफेल्ड यांच्याशी या विषयावर चर्चा केली, पण वचनाविषयी सांगायचे राहून गेले. रोझेनफेल्ड यांच्याकडून ही वार्ता प्रिन्स्टनमध्ये पसरली. व्यथित झालेल्या बोर यांनी माइटनर व फ्रिश यांचे श्रेय हिरावले जाऊ नये म्हणून तारा व पत्रांद्वारे अथक प्रयत्न केले.

याच शोधातून पुढे अणुबॉम्ब जन्मास आला आणि विज्ञानावर गुप्ततेचे पहारे बसले. आईचे घराणे ज्यू असल्याने नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी बोर १९४३ मध्ये समुद्रमार्गे स्वीडनला निसटले. तेथून ते इंग्लंड आणि पुढे अमेरिकेत लॉस अलामॉस येथे पोहोचले. बॉम्बचे रहस्य फार काळ टिकणार नाही, म्हणून सोव्हिएत संघाला वेळीच विश्वासात घेऊन अण्वस्त्रांवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणावे, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये ते चर्चिल आणि रूझवेल्ट यांना भेटले. चर्चिल यांनी त्यांचे म्हणणे धुडकावलेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही नेत्यांनी बोर यांच्या हालचालींची चौकशी करण्याचेही ठरवले. पाच वर्षांच्या आत, १९४९ मध्ये, सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली.

तरीही बोर यांनी आपली भूमिका सोडली नाही. ९ जून १९५० रोजी संयुक्त राष्ट्रांना जाहीर पत्र लिहून त्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील मुक्त ज्ञानविनिमयाचा पुरस्कार केला. युरोपीय देशांनी एकत्र येऊन स्थापलेल्या ‘सर्न’ या संशोधन केंद्राच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. या केंद्राचा सैद्धांतिक विभाग १९५७ पर्यंत कोपनहेगनमध्येच होता. आपले निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे किंवा सर्वांना उपलब्ध करून देण्याचे बंधन ‘सर्न’च्या स्थापना करारातच घातलेले आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर यांचे निधन झाले. १९६५ मध्ये त्यांच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आणि परदेशी संशोधकांची तेथील ये-जा आजही अखंड सुरू आहे.